आइस हॉकीतली 'डिव्हिजन १ अ' म्हणजे नेमकं काय?

ही जागतिक स्पर्धेची दुसरी पायरी. वरच्या गटात १६ देश, त्याखाली इथं ६. सगळे एकमेकांशी खेळतात. पहिले दोन वर चढतात, शेवटचा 'ब' गटात घसरतो. म्हणून एकेका गुणासाठी जिवाचं रान करतात. ६० मिनिटांनंतर बरोबरी असली तरी एक गुण पक्का असतो. २०१८ मध्ये बुडापेस्टला ब्रिटनला यजमान हंगेरीविरुद्ध तेवढाच हवा होता. एका गोलने मागे, आणि १५.८ सेकंद उरली असताना रॉबर्ट फार्मरने बरोबरी साधली! ब्रिटन वर गेलं.

सामने बहुतेक एप्रिल-मेत असतात. आपल्या सोलापुरात तेव्हा रात्रीही पत्रे तापलेले असतात. गच्चीवर मोबाइल घेऊन बसा आणि बघाच. मला तर मुख्य स्पर्धेपेक्षा हीच जास्त आवडते.