घाटात तापणारी पद्मिनी

प्रश्न: बाबांची 1978 ची प्रीमियर पद्मिनी कार दोन वर्षं खपून उभी केली. पुण्यात ठीक चालते, पण खंबाटकी चढताना निम्म्यातच बॉनेटमधून वाफा. मेकॅनिकने थर्मोस्टॅट (इंजिनातलं पाणी तापलं की उघडून ते रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) काढून टाकला, फरक शून्य. आता काय करू?
– एक वाचक, पुणे

उत्तर: अहो, तो थर्मोस्टॅट आधी परत बसवा! आपल्याकडे गाडी तापली की पहिला बळी त्याचाच जातो. शंका असेल तर गॅसवर पातेल्यात पाणी तापवून त्यात दोऱ्याने लटकवा, उकळी फुटायच्या आत उघडला की तो चांगला.

ट्रॅफिकमध्ये उभी असताना तापली तर फॅन-बेल्ट बघायचे, पण तुमची चढावर लोड आला की तापतेय म्हणजे मला तरी रेडिएटर चोंदलेला वाटतो, वर्षानुवर्षं बोअरचं पाणी भरलं की आत क्षार धरतात आणि बाहेरून मात्र सगळं चकाचक. गार झाल्यावर कोअरवरून (रेडिएटरच्या नळ्यांच्या जाळीवरून) हात फिरवू नका, गरम असतानाच जाळीवर जपून हात धरा (इंजिन बंद करून हं), मध्येच गार पट्टा लागला की तिथल्या नळ्या बंद. रेडिएटरवाल्याकडून वरची टाकी उघडून रॉड मारून (नळ्यांत सळई घालून साफ करून) घ्या, नुसत्या सफाईच्या पावडरने भागत नाही. इंजिनच्या ब्लॉकमधला गंजाचा चिखलही उलट्या दिशेने पाणी सोडून काढा, नाहीतर तोच परत रेडिएटरात जाऊन बसणार. मग डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट अर्धं-अर्धं.

एवढं करूनही तापली तर इग्निशन टायमिंग (प्लगची ठिणगी पडायची वेळ) मागे पडलंय का बघा. आणि गार इंजिन सुरू केल्या केल्या रेडिएटरात बुडबुडे आले तर हेड गॅस्केट (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांमधलं सील) गेलं समजा, खर्चाची तयारी ठेवा.