कलासंस्थेतली इंटर्नशिप : होकार देण्याआधी

प्रश्न : मी कोल्हापुरात टीवायबीएला आहे, विषय इतिहास. मुंबईतल्या एका समकालीन कलासंस्थेनं मे-जूनसाठी दोन महिन्यांची इंटर्नशिप देऊ केली आहे. विद्यावेतन महिना ५,००० रुपये. मला चित्रं काढता येत नाहीत. बाबा म्हणतात, तिथं तू फक्त खुर्च्या लावशील. जाऊ का?

उत्तर : जा. चित्रं काढता येत नाहीत याची काळजी सोड. त्यासाठी तिथं कुणी इंटर्न घेत नाही. नीट पाहणारं आणि नीट लिहिणारं माणूस हवं असतं. बाबांची शंका मात्र रास्त आहे. खुर्च्या लावाव्या लागतीलच, पण दोन महिने त्याच लावायच्या नसतील तर पहिल्याच आठवड्यात एखादं काम पूर्णपणे स्वतःकडे मागून घे.

माझ्या मते त्यात कंडिशन रिपोर्ट सगळ्यांत चांगला. कलाकृती संस्थेत येताना आणि बाहेर जाताना तिची स्थिती लिहून ठेवायची असते. टॉर्च समोरून न मारता कडेनं तिरपा धरायचा, म्हणजे रंगाचे पोपडे, कॅनव्हासचा फुगवटा उठून दिसतो. नोंद अशी हवी : ‘उजव्या कडेपासून ४ सेंमी, खालून ११ सेंमी, ६ मिमी लांबीची चीर, रंग सुटलेला नाही.’ सोबत मोजपट्टी ठेवून काढलेला फोटो आणि तारीख. ‘किरकोळ डाग, बाकी ठीक’ एवढंच लिहिलंस, तर परतीच्या प्रवासात ओरखडा आल्यावर तो आधीचा की नंतरचा, हेच ठरत नाही आणि विम्याचा दावा अडकतो. कलाकृती उचलायचं काम मात्र कुणी शिकवल्याशिवाय करू नकोस, घाईत सांगितलं तरी.

दुसरं काम यादीचं : चित्रकार, शीर्षक, वर्ष, माध्यम, माप. मापात उंची आधी, रुंदी नंतर. उलट झालं की भिंतीचा आराखडा चुकतो. मुद्राचित्राची (प्रिंटची) आवृत्ती ३/५ अशी, म्हणजे पाच प्रतींतली तिसरी, टाकली की एक्सेल बिनदिक्कत तिची तारीख करून टाकतं, म्हणून तो रकाना आधीच ‘टेक्स्ट’ करून ठेव.

मे-जूनमध्ये मुंबईचा प्रदर्शनांचा हंगाम ओसरलेला असतो. शहरातल्या गॅलऱ्यांचा एकत्रित मुंबई गॅलरी वीकेंड जानेवारीत, पणजीचा सेरेंडिपिटी कला महोत्सव डिसेंबरात. त्यामुळे मांडणीची धावपळ फारशी पाहायला मिळणार नाही. जुनी कागदपत्रं, स्कॅनिंग, याद्या वाट्याला येतील. इतिहासवालीला तेच जास्त फळतं.

आता पैशांचं. ५,००० रुपयांत मुंबईत कॉट बेसिसवरही निभाव लागणं कठीण. पण पदवीसाठी इंटर्नशिपचे श्रेयांक (क्रेडिट) हवे असतील, तर यूजीसीच्या चौकटीत एक श्रेयांक म्हणजे ३० तास, चार श्रेयांकांना १२०. रोज सहा तास, आठवड्याला चार दिवस धरलेस तरी पाच आठवड्यांत ते भरतात. मग दोन्ही महिने मुंबईत कशाला? पाच आठवडे तिथं, बाकीच्या नोंदी घरून, असं विचारून बघ. घरून केलेले तास तुमचं कॉलेज धरतं का, हे आधी विभागप्रमुखांकडून कळून घे.

संस्थेला मेल करून एवढं विचार : कामाचे दिवस आणि तास, कुणाच्या हाताखाली, विद्यावेतन कोणत्या तारखेला, तासांच्या नोंदवहीवर सही कोण करणार, आणि तू लिहिलेल्या मजकुरावर नाव येणार का. शेवटच्या प्रश्नाला बहुधा नकार येईल, त्यात गैर काही नाही. पुढच्या अर्जाला दोन-तीन नमुने जोडायची परवानगी तेवढी घे. लेखी उत्तर येईपर्यंत खोलीचं डिपॉझिट भरू नकोस.