नुसतं टिक केलं की झालं का? : वाचकांचे कॉम्प्युटर-प्रश्न

प्रश्न : काका, आमची राजेंद्र नगरला पॅथॉलॉजी लॅब आहे, पेशंटचे रिपोर्ट आता क्लाउडवर टाकायचेत. सेल्सवाला म्हणतो 'भिया, कॉन्फिडेन्शियल व्हीएमवर टिक करा, मेमरीसुद्धा एन्क्रिप्टेड, आमच्या माणसालाही काही दिसणार नाही'. आमचा लिनक्स जुना आहे, कर्नल ५.४. चालून जाईल ना? – एक वाचक, इंदूर

उत्तर : तो सांगतोय तसं नाही चालणार. एन्क्रिप्शन चिप करते हे खरंय, प्रत्येक व्हीएमची (म्हणजे त्यांच्या मोठ्या मशीनच्या आत चालणाऱ्या आभासी कॉम्प्युटरची) चावी वेगळी आणि ती होस्टच्या, म्हणजे त्या मोठ्या मशीनच्या, कर्नललापण (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) मिळत नाही. पण मेमरीचं कुठलं पान (म्हणजे छोटा तुकडा) झाकायचं आणि कुठलं उघडं ठेवायचं हे तुमच्या व्हीएमच्या आतल्या कर्नललाच ठरवावं लागतं. पेज टेबलात, म्हणजे पानांच्या यादीत, त्यासाठी एक बिट असतो, एएमडीत तो लावला की पान झाकलं जातं आणि इंटेलच्या टीडीएक्समधे (त्यांची मेमरी झाकायची सोय) बरोब्बर उलटं, लावला की उघडं (दोघांनी एकदा बसून ठरवलं असतं तर काय बिघडलं असतं!).

आता गंमत अशी की डिस्क आणि नेटवर्कवाल्या बाजूला झाकलेलं पान वाचताच येत नाही, म्हणून कर्नल थोडी मेमरी उघडी ठेवतो, डेटा आधी तिथे कॉपी करतो आणि मग बाहेर सोडतो. याला स्विओटीएलबी म्हणतात. लिनक्स त्यासाठी एकूण मेमरीच्या साधारण ६ टक्के धरतो, कमीत कमी ६४ एमबी आणि जास्तीत जास्त १ जीबी. उद्या तुमच्या स्लाइडचे मोठमोठे फोटो एकदम चढायला लागले, सगळं अडकलं आणि लॉगमधे 'स्विओटीएलबी बफर इज फुल' दिसलं तर डिस्क गेली म्हणून घाबरू नका, बूट पॅरामीटरमधे हा आकडा वाढवून बघा.

व्हर्जनचं म्हणाल तर एएमडीचं साधं एसईव्ही (त्यांची व्हीएमची मेमरी झाकायची सोय) कर्नल ४.१५ पासून, म्हणजे २०१८ पासून आत चालतं, तुमच्या ५.४ मधेपण आहे, पण त्यात सीपीयूचे रजिस्टर (चालू कामाचा डेटा ठेवायच्या चिपमधल्या छोट्या जागा) उघडेच राहतात. ते झाकणारं एसईव्ही-ईएस ५.१० मधे आलं. शिवाय २०१८ मधेच जर्मनीच्या फ्राउनहोफरच्या रिसर्चर लोकांनी दाखवून दिलं की होस्टला वाचता येत नसलं तरी पानांची अदलाबदल करता येते, मग आतला वेब सर्व्हर आपल्या फाइलऐवजी दुसरंच पान उलगडून स्वतःच बाहेर देऊन टाकतो. म्हणजे घरमालकाने कुलूप तोडलंच नाही, नुसत्या खोल्यांच्या पाट्या बदलल्या. ही अदलाबदल पकडणारं एसईव्ही-एसएनपी आणि इंटेलचं टीडीएक्स, या दोन्हींचा गेस्ट सपोर्ट (म्हणजे व्हीएमच्या आतल्या बाजूचा) कर्नल ५.१९ मधे आला, २०२२ साली. तेव्हा ५.१९ च्या पुढचं काहीतरी घ्या, डेबियन १२ चा ६.१ चालेल. नुसत्या नंबरावर मात्र जाऊ नका, रेड हॅटवाले नवा कोड जुन्या नंबरात मागून घालतात. बूट लॉग उघडा, एएमडीवर 'मेमरी एन्क्रिप्शन फीचर्स अॅक्टिव्ह' या ओळीत एसएनपी लिहिलेलं दिसायला हवं.

आणि सेल्सवाल्याला अटेस्टेशनबद्दल विचारा. चिप एक सही केलेला रिपोर्ट देते, व्हीएम सुरू होताना आत नेमकं काय लोड झालं त्याचं माप त्यात असतं. तो रिपोर्ट तुम्ही तुमच्या बाजूने तपासायचा आणि मगच डिस्कची चावी आत पाठवायची. डिस्कचं एन्क्रिप्शन वेगळं लावावं लागतं बरं का, मेमरीवाल्याने डिस्क झाकली जात नाही. अटेस्टेशन करायचंच नसेल तर त्या टिकचे जास्तीचे पैसे देऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रश्न : सुपर कॉरिडॉरच्या आमच्या ऑफिसात एपिक ७००३ चा सर्व्हर आहे, डेबियन १२ टाकलाय. एसएनपीचं गेस्ट काही केल्या सुरू होत नाही, बायोसमधे सगळं ऑन आहे. – एक वाचक

उत्तर : एपिक ही एएमडीची सर्व्हरची चिप, तेव्हा तुमचा सर्व्हर म्हणजे होस्ट, आणि त्या बाजूचं काम फार उशिरा झालं. एसएनपीचा होस्ट सपोर्ट मूळ केव्हीएममधे (लिनक्स कर्नलचा व्हीएम चालवणारा भाग) कर्नल ६.११ ला आला, २०२४ मधे, तुमच्याकडे ६.१ आहे! क्यूईएमयूपण (त्याच्या जोडीला व्हीएम उभी करणारा प्रोग्रॅम) ९.१ किंवा पुढचं लागतं. डेबियन १३ टाका, त्यात कर्नल ६.१२ आणि क्यूईएमयू १०.० आहे, दोन्ही कामं होतात. इंटेलचा सर्व्हर असता तर टीडीएक्सच्या होस्टसाठी ६.१६ लागला असता. अजून एक, रॅम मोजून घ्या. सारखी पानं एकत्र करून मेमरी वाचवायची केएसएमची युक्ती इथे लागू पडत नाही, कारण चाव्याच वेगळ्या, त्यामुळे ६४ जीबीच्या मशीनवर ८० जीबीच्या व्हीएम दाटीवाटीने बसवायची सवय सोडावी लागेल.

प्रश्न : काका, मी इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. हे एसएनपी कोणी फोडलंय का अजून? – एक विद्यार्थिनी

उत्तर : हो गं, फोडलंय. २०२४ च्या डिसेंबरमधे बॅडरॅम नावाचा हल्ला जाहीर झाला. रॅमच्या पट्टीवर एसपीडी नावाची बारकी चिप असते, ती बूटच्या वेळी पट्टी किती जीबीची आहे ते सांगते. तिच्याकडून दुप्पट आकडा वदवून घेतला की एकाच जागेला दोन पत्ते मिळतात आणि एसएनपीचा पहारा चुकवता येतो, सामान सगळं मिळून १० डॉलरच्या आसपास. एएमडीने फर्मवेअरमधे बूटच्या वेळची तपासणी घातलीय. ती तुझ्या होस्टवर आहे की नाही ते अटेस्टेशन रिपोर्टमधल्या फर्मवेअर व्हर्जनवरून ताडता येतं, प्रोजेक्टसाठी तेवढंच करून बघ, विषय छान आहे.