मुंबईत स्टेशनजवळ, भाडेकरू वर्षानुवर्षं टिकतात अशी बिल्डिंग कशी शोधावी?

घाटकोपर-मुलुंड पट्ट्यात स्टेशनपासून चालत जाता येईल आणि दर अकरा महिन्यांनी सामान बांधावं लागणार नाही, अशी जागा तुम्हाला हवी आहे. फ्लॅट बघायच्या आधी बिल्डिंगचा भाड्याचा इतिहास बघा. तो सरकारी नोंदीत असतो.

नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च मोफत आहे. गाव, वर्ष आणि सिटी सर्व्हे नंबर (बिल्डिंगच्या जमिनीचा सरकारी क्रमांक) टाका आणि आलेल्या यादीतले ‘३६-अ लिव्ह अँड लायसन्स’चे (म्हणजे भाडेकराराचे) दस्त उघडून सूची २, म्हणजे दस्ताचा सारांश, वाचा. शोध एका वर्षापुरता चालतो, म्हणून पाच वर्षांसाठी पाचदा करा. एकाच फ्लॅटवर लिहून घेणाऱ्याचं, म्हणजे भाडेकरूचं, नाव दरवेळी वेगळं असेल, तर तिथे कुणी टिकत नाही. तेच नाव पुन्हा पुन्हा आलं, तर मालक माणूस धरून ठेवणारा आहे. काहीच सापडलं नाही तर आधी गाव तपासा. इथे महसुली गाव लागतं आणि घाटकोपरच्या काही भागाचं गाव ‘घाटकोपर किरोळ’ आहे.

मग जिन्याखालचा नोटीस बोर्ड. ‘७९-अ’, ‘प्रकल्प सल्लागार’, ‘विकासकाची निवड’ असे पुनर्विकासाचे शब्द दिसले की ती बिल्डिंग सोडा. पुनर्विकासात पर्यायी घराचं भाडं सभासदाला मिळतं; तुम्हाला फक्त घर खाली करण्याची नोटीस. बिल्डिंग तीस वर्षांपुढची असेल तर स्ट्रक्चरल ऑडिट झालं का आणि त्यात काय निघालं, हे सेक्रेटरींना सरळ विचारा. वॉचमनला एवढंच विचारा: पाणी किती वाजता येतं, टँकर लागतो का, आणि मागचे भाडेकरू का गेले? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा पहिल्या दोनांत असतं.

आता करार. अकरा महिन्यांची पद्धत नोंदणी टाळण्यासाठी रूढ झाली. महाराष्ट्रात तिचा तो उपयोग उरलेला नाही, कारण भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स कितीही महिन्यांचा असो, नोंदवावाच लागतो, आणि ती जबाबदारी मालकाची. तरी एजंट अकराच म्हणतो, कारण नूतनीकरणाला त्याला पुन्हा पैसे मिळतात. तुम्ही ३६ महिने मागा, दरवर्षी ५ टक्के वाढ आत्ताच लिहून घ्या आणि लॉक-इन (ठरावीक काळ करार मोडता येणार नाही ही अट) दोघांनाही लागू ठेवा. तो फक्त तुमच्यावर असेल तर मालक मध्येच घर खाली करायला सांगू शकतो. खर्च फार नाही: महिना ३०,००० भाडं (वाढ न धरता) आणि १ लाख डिपॉझिट धरलं तर तीन वर्षांचं भाडं १०,८०,०००, डिपॉझिटवर वार्षिक १० टक्क्यांनी ३०,०००, एकूण ११,१०,०००. त्यावर ०.२५ टक्के म्हणजे २,७७५ रुपये मुद्रांक शुल्क आणि पालिका हद्दीत १,००० रुपये नोंदणी फी. सोसायटीचे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (फ्लॅट भाड्याने दिल्याबद्दलची आकारणी) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच असतात. ते मालकाने भरायचे, असं करारात लिहा.

अंतर मात्र पायांनीच मोजा. सकाळी साडेआठला, बिल्डिंगच्या गेटपासून तुमचा डबा लागतो तिथपर्यंत, पुलावरची गर्दी धरून. जाहिरातीतली पाच मिनिटं स्टेशनच्या गेटपाशीच संपतात.