तीननंतर ऑफिस ढेपाळतं, छोटे ब्रेक कसे लावावेत?

तुमच्या बारा जणांच्या अकाउंट्स विभागात तीननंतर एंट्रीच्या चुका वाढतात आणि साहेबांना ब्रेक म्हणजे वेळेची नासाडी वाटते, असं तुम्ही लिहिलंय. साहेबांची शंका अगदीच खोटी नाही. छोट्या ब्रेकवरच्या प्रयोगांचा एकत्रित आढावा २०२२ साली ‘प्लॉस वन’ या संशोधनपत्रिकेत आला. त्यात दहा मिनिटांपर्यंतच्या ब्रेकने थकवा उतरला, तरतरी वाढली. पण कामात सरसकट सुधारणा दिसली नाही. ब्रेक जितका लांब, तितका कामाला फायदा जास्त. म्हणून पाच मिनिटांच्या बदल्यात जास्त व्हाउचर होतील असं आश्वासन साहेबांना देऊ नका.

मी असं लावेन: दर ४५ ते ६० मिनिटांनी पाच मिनिटं, आणि सव्वातीनच्या सुमारास एकदा पूर्ण दहा. घंटा नको. बेरीज जुळत आलेली असताना घंटा वाजली की माणूस वैतागतो आणि परत आल्यावर पहिल्यापासून सुरू करतो. हातातली बिलं संपवून उठू द्या. उठताना पुढचा व्हाउचर नंबर चिठ्ठीवर लिहिला की परत लय लागायला वेळ जात नाही. फोन वाजत असतील तर चार-चारच्या तीन तुकड्या करा.

खुर्चीत बसून मोबाइल बघणं हा ब्रेक नव्हे. तेच डोळे, तीच वाकलेली मान. स्क्रीनकडे टक लावली की पापण्या कमी लवतात, म्हणून डोळे चुरचुरतात. खिडकीतून लांब बघा, जिना उतरून या. आणि चहा टेबलावर पोचवणं बंद करा! एवढ्या एका बदलाने माणसं आपोआप उठतात. मात्र चारनंतरच्या चहा-कॉफीने काहींची रात्रीची झोप बिघडते, त्यांना पाणी किंवा ताक चालेल.

बहुतेक ठिकाणी हे दोन कारणांनी बारगळतं. वरिष्ठ स्वतः उठत नाहीत, मग हाताखालचेही उठत नाहीत. किंवा लघवीला जाण्याची वेळही ब्रेकमध्ये मोजली जाते. शिवाय जीएसटी रिटर्न भरायच्या ११ आणि २० तारखा जवळ आल्या की ब्रेक सगळ्यात आधी कापले जातात. त्या दिवसांत पाचाचे तीन करा, पण सव्वातीनचे दहा सोडू नका.

सुरू करण्याआधी दोन आठवडे दुरुस्त कराव्या लागलेल्या एंट्र्या तासवार मोजा, नंतर पुन्हा दोन आठवडे. मात्र महिन्यातले तेच आठवडे घ्या, नाहीतर रिटर्नच्या गर्दीमुळे आकडे फसवतील. तरीही तीन ते पाचच्या चुका हलल्या नाहीत, तर दुपारचं काम बदलून बघा: एंट्री सकाळी, फायलिंग आणि फोन दुपारी. रोज रात्री नऊपर्यंत थांबवून घेत असाल, तर मात्र ब्रेकने काही होणार नाही.