वाचकांचे प्रश्न : कार्ड नवं घेतलं, तरी गेम का अडकतो?

प्रश्न : दादा नमस्कार, मी सांगलीला डिप्लोमाला आहे. मागे घरीच पीसी असेंबल केला होता, रायझन ५ ५६००जी, बी४५० बोर्ड आणि १६ जीबी रॅम. तेव्हा ग्राफिक कार्डाला पैसे उरले नाहीत म्हणून जी वाला, म्हणजे आतच ग्राफिक्स असलेला प्रोसेसर घेतला. आता सुट्टीत काम करून पैसे साठवले आणि आरएक्स ६६०० घेतलं, सोबत १४४ हर्ट्झचा मॉनिटर. पण मजाच येत नाहीये. व्हॅलोरंटमध्ये मधेच एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) धाडकन पडतो, जीटीए ५ मध्ये शहरात गाडी पळवली की झटके बसतात. मित्राकडे हेच कार्ड आहे, प्रोसेसर ५६०० आहे, त्याचा पीसी मस्त पळतो. दुकानदार म्हणतो कार्ड परत द्या, वरचं घ्या, वरचे पैसे भरा. आता बाबांकडे पैसे मागायचं जीवावर आलंय. काय करू?

उत्तर : कार्ड परत देऊ नकोस. तुझं पत्र वाचून मला तरी कार्डावर संशय येत नाहीये, आणि समजा यापेक्षा मोठं कार्ड आणून लावलंस तरी व्हॅलोरंटमध्ये एफपीएस जवळपास तेवढाच राहील असं वाटतंय. का ते सांगतो, पण माझ्यावर विश्वास ठेवून बसू नकोस, स्वतः मोजून बघ.

एमएसआय आफ्टरबर्नर म्हणून फुकट सॉफ्टवेअर आहे, कुठल्याही कंपनीच्या कार्डावर चालतं, ते टाक आणि गेम चालू असताना स्क्रीनच्या कोपऱ्यात जीपीयू युसेज (कार्ड किती टक्के काम करतंय), टेम्परेचर आणि एफपीएस दिसेल असं सेट कर. व्ही-सिंक बंद, फ्रेम लिमिट बंद, दोन्ही एफपीएसला मर्यादा घालतात. आता गेममध्ये जिथे झटके बसतात तिथेच जा आणि आकडा बघ. जीपीयू युसेज ९५-९९ टक्के असेल तर कार्ड जीव तोडून काम करतंय, त्याच्याकडून अजून काही निघणार नाही. पण युसेज ५०-६० वर लोळतोय आणि एफपीएस पण पडलाय, म्हणजे कार्ड रिकामं बसलंय आणि त्याला काम देणारा मागे पडलाय. गवंडी कितीही चपळ असला तरी विटा आणि माल वेळेवर हातात आला नाही तर भिंत उठत नाही, तसं आहे हे. इथे विटा पुरवायचं काम प्रोसेसर आणि रॅमचं.

आणखी एक साधी चाचणी म्हणजे रिझोल्युशन १०८० वरून ७२० वर आण. एफपीएस चांगला वाढला तर कार्डावर ताण होता. काहीच वाढला नाही तर कार्डाचा संबंध नाही, विषय संपला. दुकानात जायच्या आधी ही चाचणी करच. आणि टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू ४० टक्के दिसतोय म्हणून प्रोसेसर निवांत आहे असं समजू नकोस हं, तो आकडा सगळ्या कोअर मिळून सरासरी असतो, गेमचं मुख्य काम बऱ्याचदा एकदोन कोअरवरच पडतं आणि ते कोअर पूर्ण भरलेले असतात. त्या आलेखावर राइट क्लिक करून एकेक कोअर वेगळा बघता येतो.

आता तुझ्या केसमध्ये आधी बघायची गोष्ट, केबल. इतके दिवस तुझा मॉनिटर बोर्डाच्या एचडीएमआयला होता, त्यामुळे सवयीने हात तिथेच जातो. साधा ५६०० असता तर तिथे लावल्यावर स्क्रीनच काळी राहिली असती, कारण त्याच्यात ग्राफिक्सच नाही, चूक लगेच कळली असती. जी वाल्यात मात्र सगळं व्यवस्थित दिसू शकतं आणि गेम प्रोसेसरच्या आतल्या बारक्या ग्राफिक्सवर चालू राहू शकतो. कॅबिनेटच्या मागे बघ, यूएसबी आणि हेडफोनच्या पिनांच्या घोळक्यात जो एचडीएमआय आहे तो बोर्डाचा, त्याच्या खाली आडव्या पट्टीवर जे पोर्ट आहेत ते कार्डाचे. केबल खालच्या पट्टीत हवी, जमलं तर डिस्प्लेपोर्टची. खात्री करायची तर टास्क मॅनेजरमध्ये जीपीयू ० आणि जीपीयू १ असे दोन दिसतील, गेम चालू असताना कुणाचा आलेख वर जातो ते बघ.

हे करतोच आहेस तर सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, अॅडव्हान्स्ड डिस्प्ले इथे जाऊन रिफ्रेश रेट १४४ केलायस का ते पण बघ. विंडोज बऱ्याचदा ६० वरच ठेवतं, आणि मग कार्डाने कितीही फ्रेम काढल्या तरी डोळ्याला सेकंदाला साठच दिसतात. कितीतरी जण १४४ चा मॉनिटर महिनोन्महिने ६० वर वापरतात, मला फार वाईट वाटतं, घाम गाळून घेतलेली वस्तू असते ती.

आता रॅम. तू नुसतं १६ जीबी लिहिलंयस, एक स्टिक की दोन ते नाही लिहिलंस, आणि माझा सगळा संशय तिथेच आहे. बजेट बिल्डमध्ये बहुतेक वेळा काय होतं, पुढे वाढवता येईल म्हणून १६ ची एकच स्टिक घेतात. पण डीडीआर४ ची एक स्टिक एका चॅनेलवर, म्हणजे प्रोसेसरकडे डेटा नेणाऱ्या एकाच रस्त्यावर चालते आणि ३२०० स्पीडला सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी डेटा देते. दोन स्टिक योग्य स्लॉटमध्ये असतील तर ५१.२ जीबी, सरळ दुप्पट. त्यात भर म्हणजे बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग, चालू केलेली नसेल तर पाकिटावर ३२०० लिहिलेली रॅम बऱ्याच वेळा २१३३ किंवा २४०० लाच चालते. एक स्टिक आणि २१३३ म्हणजे साधारण १७ जीबी. पैसे ५१ च्या लायकीच्या प्रोसेसरचे भरलेत आणि मिळतंय एक तृतीयांश! आणि रायझनच्या आतला कोअर आणि रॅमला जोडणारा जो फॅब्रिक म्हणून भाग असतो त्याचा वेग रॅमशीच बांधलेला, रॅम ३२०० ला तर तो १६००, रॅम हळू झाली की तोही हळू. म्हणून रायझनवर रॅमचा फटका जास्त जाणवतो.

बघायचं कसं? टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, मेमरी. तिथे स्पीड आणि किती स्लॉट वापरलेत ते लिहिलेलं असतं. सीपीयू-झेड हे माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर टाकलंस तर त्यात आकडा निम्मा दिसेल, १६०० दिसलं तर ते ३२०० च आहे, घाबरू नकोस, १०६६ दिसलं तर मात्र २१३३ ला अडकलंय. पीसी चालू करताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये जायचं आणि एक्सएमपी चालू करायचं, कुठल्या बोर्डावर त्याला ए-एक्सएमपी म्हणतात, कुठे डीओसीपी. सेव्ह करून रीस्टार्ट केल्यावर कधीकधी स्क्रीन थोडा वेळ काळी राहते, तो रॅमचं जुळवून बघत असतो, लगेच बटण दाबून बंद करायचं नाही. नाहीच जमलं तर पॉवर केबल काढून, बोर्डाच्या पुस्तिकेत क्लिअर सीमॉस (बायोसच्या सेटिंग्ज मूळ स्थितीत आणणं) कसं करायचं ते दिलेलं असतं तसं केलं की पुन्हा होतं तसं होतं.

एकच स्टिक निघाली तर शक्यतो त्याच मॉडेलची दुसरी घे, निदान स्पीड आणि टायमिंग तरी सारखं बघ. चार स्लॉटचा बोर्ड असेल तर प्रोसेसरकडून मोजत दुसरा आणि चौथा, पहिल्या-दुसऱ्यात किंवा तिसऱ्या-चौथ्यात शेजारी शेजारी लावल्या तर दोन्ही एकाच चॅनेलवर जातात आणि खर्च करून काही उपयोग नाही. दोनच स्लॉट असतील तर प्रश्नच नाही. दुसरी स्टिक वापरलेली मिळाली तरी चालेल, रॅम सहसा खराब होत नाही, फक्त आणल्यावर एक रात्र मेमटेस्ट, म्हणजे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर, चालवून घे.

आता मित्राचं. त्याच्या साध्या ५६०० मध्ये ३२ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) आहे, तुझ्या ५६००जी मध्ये १६. कोअर दोघांनाही सहाच, पण गेमला कॅश लागते आणि व्हॅलोरंटसारख्या हलक्या गेममध्ये हा फरक दिसतोच. शिवाय आरएक्स ६६०० बोर्डाशी बोलायला आठच लेन (डेटाचे रस्ते) वापरतं आणि ५६००जी या रस्त्यांच्या जुन्या पिढीवर, पीसीआयई ३ वर चालतो, त्यानेही थोडंसं जातं, पण ते फार मनावर घेऊ नकोस. म्हणजे सगळं नीट केलंस तरी मित्राचा आकडा तुझ्यापेक्षा थोडा वर राहील, ते धरून चाल. पण धाडकन पडणं आणि झटके आहेत ना, ते बरेच कमी व्हायला हवेत. पुढे कधी पैसे आले तर बायोस अपडेट करून त्याच बोर्डावर ५६०० किंवा ५७००एक्स बसतो, जुना प्रोसेसर विकता येतो.

जुना ड्रायव्हर डीडीयू (ड्रायव्हर पूर्ण काढणारं सॉफ्टवेअर) वापरून सेफ मोडमध्ये साफ कर आणि एएमडीच्या साइटवरून नवा टाक. हे सगळ्यात शेवटी.

प्रश्न : चंद्रपूरहून लिहितेय. आय५ १२४००एफ आणि आरटीएक्स ३०६०, भावाने आणि मी मिळून जोडलाय. पहिली पंधरा वीस मिनिटं गेम एकदम भारी चालतो, मग हळूहळू एफपीएस उतरतो, पंख्याचा आवाज वाढतो. थोडा वेळ बंद ठेवला की पुन्हा ठीक. व्हायरस असेल का?

उत्तर : व्हायरस नाही ताई, ही उष्णता आहे. आधी छान आणि मग उतरतं हे त्याचं ठरलेलं लक्षण. हा प्रोसेसर १०० डिग्रीला पोचला की जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर टाका, त्यात सेन्सरच्या यादीत थर्मल थ्रॉटलिंग अशी ओळ असते, गेम खेळून झाल्यावर तिथे यस आलं असेल तर निदान पक्कं.

सगळ्यात आधी प्रोसेसरवरचा कूलर. सोबत जो इंटेलचा कूलर येतो तो चार पिनांवर बोर्डात दाबून बसवायचा असतो, आणि घरी जोडताना त्यातली एखादी पिन अर्धवट राहतेच राहते. वरून बघून कळत नाही. कॅबिनेटची मागची बाजू उघडा, बोर्डाच्या मागे चारही भोकांतून पांढरी पिन आणि तिच्या मधोमध काळा दांडा पूर्ण बाहेर आलाय का बघा. एक जरी आत राहिली असेल तर कूलर एका अंगाने उचललेला राहतो आणि मधली उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट नीट दबत नाही. काढून पुन्हा बसवा, समोरासमोरच्या तिरक्या दोन पिना एकदम दाबायच्या, टक असा आवाज येईपर्यंत, मग उरलेल्या दोन. काढलाच तर जुनी पेस्ट पुसून नवी लावायची, मटारच्या दाण्याएवढी पुरते. दुसरा कुठला कूलर लावला असेल तर खालची पारदर्शक फिल्म सोलली होती का तेही बघा, बरेच जण विसरतात.

कूलर ठीक निघाला तर कॅबिनेट. बाजूचं झाकण काढून तोच गेम तेवढाच वेळ खेळा. झाकण काढल्यावर टेम्परेचर भरपूर उतरलं तर आत हवा येत नाहीये. समोर पूर्ण काच आणि आत लुकलुकणारे पंखे अशी कॅबिनेट दिसायला छान, पण पंख्याला हवा घ्यायला जागाच नसते. पुढून आत, मागून बाहेर एवढं सांभाळा, मागचा पंखा उलटा तर नाही ना लागला ते कागदाचा तुकडा धरून बघा. आणि तुमच्याकडे उन्हाळ्यात खोलीच चाळीसच्या वर जाते हो, खोली २५ वरून ४० ला गेली की आतलं सगळंच साधारण तेवढंच चढतं. हिवाळ्यात ज्या बिल्डचं काही वाटलं नव्हतं तोच मे महिन्यात अडतो. खोलीतल्या पाण्याच्या कूलरची हवा पीसीच्या तोंडावर सोडू नका, पाण्याचा अंश असतो त्यात.

प्रश्न : मुलाने पीसी बनवलाय, गेम हवा तसा चालत नाही म्हणतो. ज्याला दाखवला तो म्हणतो एसएमपीएस बदला, सात आठ हजार लागतील. मला यातलं काही कळत नाही. बदलू का?

उत्तर : एसएमपीएस म्हणजे पीसीला वीज देणारा डबा. मुलाला एकच विचारा, गेम खेळता खेळता पीसी फटकन बंद पडतो किंवा रीस्टार्ट होतो का? होत असेल तर एसएमपीएसवर संशय रास्त आहे. एसएमपीएस कमी पडला की तो सहसा असाच बंद पाडतो, गेम नुसता संथ करत बसत नाही. पीसी चालू राहतोय आणि फक्त हळू चालतोय, तर आधी वरची दोन उत्तरं मुलाला वाचायला द्या, त्यात खर्च जवळपास काहीच नाही.

पण एसएमपीएस कुठला आहे ते मात्र बघाच. कॅबिनेटसोबत फुकट आलेला, बिननावाचा, वजनाला हलका असेल तर गेमचा प्रश्न नसला तरी बदला. आरटीएक्स ३०६० ला १७० वॅट लागतात आणि ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवलेला असतो, आरएक्स ६६०० ला १३२ वॅट. स्टिकरवर मोठ्या अक्षरात जो आकडा असतो त्यावर जाऊ नका, खाली १२ व्होल्टच्या रकान्यात किती वॅट लिहिलेत ते बघा, कार्ड आणि प्रोसेसर दोघांनाही तिथूनच वीज मिळते. त्या माणसाने काय बघून सांगितलं हे विचारायला लाजू नका. पैसे तुमचे आहेत.

प्रश्न : नवीन गेम टाकला की पहिल्या दिवशी झटके, नंतर कमी होतात. एसएसडी खराब आहे का?

उत्तर : नाही. बरेच नवे गेम पहिल्यांदा चालताना तुमच्या कार्डासाठी शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) तयार करतात, ते होईपर्यंत अडखळतं. सुरुवातीला कंपायलिंग शेडर्स अशी पट्टी आली तर ती पूर्ण होऊ द्या, मधेच बाहेर पडू नका. ड्रायव्हर अपडेट केला की बहुतेक वेळा ते पुन्हा करावं लागतं. झटके दिवसेंदिवस तसेच राहिले आणि कार्ड ८ जीबीचं असेल तर टेक्स्चर अल्ट्रावरून हायवर आणा, आफ्टरबर्नरमध्ये मेमरी युसेज आठच्या काठावर दिसत असेल तर तेच कारण आहे.