स्वस्त छोटी गाडी देखणी करायची, तर पैसे कुठे वाचवायचे?

उदयोन्मुख बाजारपेठेसाठी छोटी गाडी करताना बजेट घट्ट असेल, तर दिसण्यावर किती खर्च परवडतो, असं तुम्ही विचारलंय. मी बॉडी डिझाइनचं काम करतो. दिसण्यातला मोठा वाटा जवळपास फुकट मिळतो, फक्त तो अगदी सुरुवातीला ठरवावा लागतो. पत्रा सुबक आकारात दाबा नाहीतर बेढब आकारात, पोलाद साधारण तेवढंच लागतं. खर्च वाढतो तो खोल, धारदार घड्यांचा हट्ट धरला की. मग पत्रा फाटतो, डाय (पत्रा दाबायचे साचे) वाढतात. म्हणून रेषा मोजक्या ठेवाव्यात आणि सगळा जीव प्रमाणावर लावावा: चाकं केवढी, ती कोपऱ्यांकडे किती सरकवलीत, बॉनेट किती उंच.

टाटांची नॅनो आणि रेनोची क्विड शेजारी ठेवून पाहा. 2008 मध्ये दाखवलेल्या नॅनोला पुढे एकच वायपर होता आणि चाकाला तीनच नट. 2015 च्या क्विडलाही तसंच. काटकसर तीच, पण नॅनो बिचारी दिसली आणि क्विड ऐटदार. नॅनोची 12 इंची चाकं त्या उंच, अंडाकृती बॉडीखाली हरवून जायची, शिवाय सुरुवातीच्या गाडीची डिकी बाहेरून उघडतच नव्हती. तेव्हाच्या क्विडची चाकं 13 इंची, म्हणजे फार मोठी नव्हेतच. पण 180 मिमी ग्राउंड क्लिअरन्स, उंच सपाट बॉनेट आणि चाकांभोवतीच्या काळ्या प्लॅस्टिकच्या कडा यांमुळे तिला एसयूव्हीचा रुबाब आला. त्या कडांचं मला फार कौतुक आहे. त्यांना रंग द्यावा लागत नाही, ओरखडे उठून दिसत नाहीत आणि नजर चाक व कड एकत्रच धरते, त्यामुळे चाक मोठं भासतं.

नॅनोवर ‘सगळ्यात स्वस्त’ हा शिक्का बसला, तोही तिला भोवला. रतन टाटांनी स्वतः नंतर हे बोलून दाखवलं होतं. घरातली पहिली गाडी घेणाऱ्याला चार लोकांत ती अभिमानाने उभी करायची असते, आणि त्यात गैर काहीच नाही.

मग वाचवायचं कुठे? गिऱ्हाइकाच्या नजरेला आणि हाताला जाणवत नाही तिथे. रेनोच्याच डेशिया या स्वस्त ब्रँडच्या 2004 च्या लोगन गाडीचे डावे-उजवे आरसे एकसारखे होते. एकाच साच्यात काम भागलं आणि कुणाचं काही अडलं नाही. क्विडमध्ये पॉवर विंडोची बटणं मधल्या कन्सोलवर नेली, पण वरच्या मॉडेलला 7 इंची टचस्क्रीन दिला. स्टिअरिंग, दाराची मूठ, गिअरचा दांडा, सीटचं कापड आणि दार लागतानाचा आवाज यांत मात्र हात आखडता घेऊ नये.

सांगाड्यात तर मुळीच नाही. 2016 मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या संस्थेच्या धडक चाचणीत भारतातल्या क्विडला शून्य तारे मिळाले. ब्राझीलसाठी सांगाडा मजबूत करून चार एअरबॅग दिल्यावर लॅटिन अमेरिकेतल्या तशाच लॅटिन एनकॅप चाचणीत तीच गाडी तीन ताऱ्यांवर गेली, आणि बाहेरून दोघी जवळपास सारख्याच दिसत होत्या. ही मजबुती मागाहून घालायची तर वजन वाढतं, डाय बदलावे लागतात, सस्पेन्शन पुन्हा जुळवावं लागतं. म्हणून पहिलं स्केच काढतानाच क्रॅशचं काम करणाऱ्या इंजिनिअरला शेजारी बसवा आणि त्याला लागणारी जागा व किलो आधी राखून ठेवा.